गाळाचा शेवटचा मुक्काम : समुद्राची पातळी आणि खोल पाण्यातले गाळपंखे

मित्रांनो, सिव्हिलवाल्यांची आणि गाळाची पहिली ओळख होते ती धरणांच्या चॅप्टरमध्ये. डेड स्टोरेज, ट्रॅप एफिशियन्सी, धरणाचं आयुष्य वगैरे वगैरे. तिथे गाळ म्हणजे खलनायक! परीक्षा संपली की चॅप्टर मिटतो आणि गाळही डोक्यातून निघून जातो. पण जरा विचार करा. धरणं बांधायला सुरुवात होण्याआधी लाखो वर्षं नद्या वाहतच होत्या. त्यांनी डोंगर झिजवून आणलेला सगळा गाळ गेला कुठे? "समुद्रात" हे उत्तर चुकीचं नाही, पण ओरलला एक्सटर्नल लगेच पुढचा प्रश्न टाकेल : "समुद्रात म्हणजे नक्की कुठे?"

या लेखात त्याच प्रश्नाच्या मागे जायचं आहे. उत्तर शोधताना फ्लुइड मेकॅनिक्स लागतं, सॉइल मेकॅनिक्स लागतं, थोडं भूगर्भशास्त्र लागतं आणि मध्येच हिमयुगही डोकावून जातं. शिवाय पुस्तकातला एक सोपा, सुटसुटीत नियम कुठे चालतो आणि कुठे फसतो, तेही कळतं. आणि नियम कुठे फसतो हे कळणं इंजिनिअरला जास्त उपयोगाचं असतं.

जगातला सगळ्यात मोठा ढीग

गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला साधारण १०० कोटी टन गाळ वाहून आणतात. दहा टनी ट्रकने हा गाळ हलवायचा म्हटलं तर रोज पावणेतीन लाख ट्रक लागतील! हा गाळ काही त्रिभुज प्रदेशात, म्हणजे डेल्टात बसतो, पण बराचसा पुढे बंगालच्या उपसागराच्या तळावर जातो. हिमालय उभा राहू लागल्यापासून हे चालू आहे. त्यातून जो ढीग तयार झालाय त्याला 'बंगाल फॅन' म्हणतात. वरून पाहिलं तर त्याचा आकार उघडलेल्या हातपंख्यासारखा, म्हणून फॅन. आपण त्याला गाळपंखा म्हणू.

त्याचे आकडे ऐका. लांबी सुमारे ३,००० किमी, म्हणजे जवळपास काश्मीर ते कन्याकुमारी. त्याचं दक्षिणेचं टोक श्रीलंकेला मागे टाकून विषुववृत्ताच्याही पलीकडे जातं. सर्वांत जास्त जाडी १६ किमीच्या वर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट. एकूण घनफळाचा अंदाज सव्वा कोटी घनकिलोमीटर. आपल्या कोयनेच्या शिवसागराची क्षमता २.८ घनकिलोमीटर आहे. भागाकार करून पाहा, सुमारे ४५ लाख कोयना!

आपल्या बाजूला, अरबी समुद्रातही असाच एक पंखा आहे. तो सिंधू नदीचा. त्याची लांबी सुमारे १,५०० किमी आणि क्षेत्रफळ ११ लाख चौरस किमीच्या आसपास. क्षेत्रफळात महाराष्ट्राच्या साडेतीन पटींहून मोठा, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तो आहे हेही माहीत नसतं.

आधी समुद्राच्या तळाचा नकाशा

शाळेच्या भूगोलाची थोडी उजळणी करू. किनाऱ्यापासून आत गेलं की आधी लागते समुद्रबूड जमीन. उथळ आणि जवळजवळ सपाट. तिच्या कडेपाशी पाणी साधारण १००-१५० मीटर खोल असतं. त्यानंतर तळ एकदम उतरायला लागतो, तो खंडान्त उतार. आणि त्याच्या पायथ्याशी तीन-चार हजार मीटर खोलीवर पसरलेलं सागरी मैदान. गाळपंखे पसरतात ते उताराच्या पायथ्यापासून पुढे, या मैदानावर.

समुद्रबूड जमिनीची रुंदी सगळीकडे सारखी नसते. मुंबईसमोर ती जवळपास ३०० किमी आहे आणि दक्षिणेकडे कोचीसमोर साठेक किमीवर येते. ही रुंदी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

उतारावर जागोजागी खोल घळी कापलेल्या असतात. त्या म्हणजे उथळ भागातून खोल मैदानाकडे जाणाऱ्या घसरगुंड्याच. काही घळींचं वरचं तोंड समुद्रबूड जमिनीच्या कडेलाच थांबतं, तर काही मागे मागे कापत थेट किनाऱ्याजवळ पोचतात. हेही लक्षात ठेवा. खरं सांगायचं तर सगळ्या लेखाची किल्ली इथेच आहे.

पण वाळू एवढ्या लांब जाते कशी?

आता गणित करू. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण पाण्यात सेकंदाला साधारण ८ मिलिमीटर वेगाने खाली बसतो. म्हणजे ३,००० मीटर खोल पाण्यात तळ गाठायला त्याला चार-साडेचार दिवस लागतात. एवढ्या वेळात साध्या प्रवाहाबरोबर तो कितीसा लांब जाणार? फार तर काहीशे किलोमीटर. दहा मायक्रॉनचा सिल्टचा कण घेतला तर स्टोक्सच्या सूत्राने वर्षाहून जास्त वेळ येतो. तो लांब जाईल हे पटतं. पण बंगालच्या पंख्यात किनाऱ्यापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर, साडेतीन हजार मीटर खोलीवर चक्क वाळूचे थर सापडतात. ते कुठून आले?

या कोड्याला उलगडणारा पुरावा मिळाला तो भूकंपातून. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्स भागात समुद्राखाली भूकंप झाला. उतारावर असलेल्या टेलिग्राफच्या केबल्स लगेच तुटल्या, त्याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. पण खाली, आणखी लांब असलेल्या केबल्स एकामागून एक, क्रमाने तुटत गेल्या. एकूण बारा केबल्स तुटल्या आणि शेवटची तुटली ती भूकंपानंतर तेरा तासांहून जास्त वेळाने. प्रत्येक केबल तुटल्याची वेळ नोंदलेली होती, अंतरं माहीत होती. १९५२ मध्ये हीझन आणि यूइंग या शास्त्रज्ञांनी त्यावरून दाखवून दिलं की उतारावरून गाळ मिसळलेल्या पाण्याचा एक प्रचंड लोंढा धावत गेला होता. याला टर्बिडिटी करंट म्हणतात. आपण गढूळ लोंढा म्हणू.

लोंढा का धावतो? गाळ मिसळला की पाणी आजूबाजूच्या स्वच्छ पाण्यापेक्षा जड होतं आणि उतारावरून तळाला चिकटून घसरतं. ओपन चॅनल फ्लोमधलं चेझीचं सूत्र इथेही चालतं, फक्त गुरुत्वाकर्षण 'कमी' करून वापरायचं. समजा लोंढ्यात घनफळाने १ टक्का गाळ आहे. गाळाची घनता २,६५० आणि समुद्राच्या पाण्याची १,०३० धरली तर जास्तीची घनता १६ किलो प्रति घनमीटर येते. म्हणजे परिणामी गुरुत्वाकर्षण ९.८१ ऐवजी फक्त ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग. लोंढ्याची जाडी ५० मीटर, उतार शंभरात एक आणि तळाचं व वरच्या पाण्याचं मिळून घर्षणांक ०.००५ धरा. वेगाचा वर्ग म्हणजे ०.१५ गुणिले ५० गुणिले ०.०१ भागिले ०.००५. उत्तर येतं १५. वर्गमूळ काढलं की सेकंदाला जवळपास ४ मीटर, म्हणजे ताशी १४ किमी. फक्त एक टक्का गाळ आणि दिसायला सपाटच वाटेल असा उतार, तरी हा वेग! उतार हजारात एक केला तरी वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास राहतो. लोंढ्यातली खळबळ कणांना खाली बसू देत नाही आणि कण लोंढ्याला जड ठेवून पळवत राहतात. त्यामुळे हे यंत्र शेकडो किलोमीटर चालतं.

पंखा कसा वाढतो?

घळीतून बाहेर पडलेला लोंढा मैदानावर स्वतःसाठी वाहिनी, म्हणजे चॅनल तयार करतो. लोंढ्याचा वरचा, बारीक गाळाचा भाग काठावरून सांडतो आणि दोन्ही बाजूंना पूरतट बांधत जातो. जाड वाळू वाहिनीच्या तळाशी आणि तिच्या शेवटच्या टोकाला पसरते. हळूहळू वाहिनी आजूबाजूच्या तळापेक्षा उंच होते. मग एक दिवस पूरतट फुटतो आणि लोंढा जवळच्या सखल भागात नवा रस्ता धरतो.

ओळखीचं वाटतंय? बिहारमधली कोसी हेच करते. ऑगस्ट २००८ मध्ये कुसहाला तिचा बांध फुटला आणि नदी जुन्या मार्गाने वाहू लागली, ते आठवा. गाळपंख्यावर हेच चालतं, फक्त तीन हजार मीटर पाण्याखाली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पंख्यावर एका ठिकाणी ड्रिलिंग केलं आणि तिथे गाळ येणं अचानक थांबलेलं दिसलं, तर दोन अर्थ निघू शकतात. एक, सगळा पंखाच थांबला. दोन, वाहिनीने फक्त रस्ता बदलला. एका बोअरहोलवरून हे सांगता येत नाही. म्हणूनच २०१५ मध्ये 'जॉइडेस रिझोल्यूशन' या ड्रिलिंग जहाजाने ३५४ व्या मोहिमेत बंगालच्या पंख्यावर ८ अंश उत्तर अक्षांशाला एकाच रेषेत, पूर्व-पश्चिम ३२० किमी अंतरात, सात ठिकाणी बोअर घेतले. साइट इन्व्हेस्टिगेशनला एकच ट्रायल पिट घेऊन चालत नाही, तसंच हे!

आता समुद्राची पातळी मध्ये आणू

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप किलोमीटरभर जाडीच्या बर्फाखाली होते. हे पाणी समुद्रातूनच आलेलं, त्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून खाली गेली होती. आज समुद्राचं क्षेत्रफळ ३६ कोटी चौरस किमी आहे. त्याला १२० मीटरने गुणा, म्हणजे किती पाणी बर्फात अडकलं होतं याचा अंदाज येईल. चार कोटी घनकिलोमीटरच्या वर!

तेव्हा मुंबईचा किनारा कुठे होता? समुद्रबूड जमिनीच्या पार कडेला, दोन-अडीचशे किमी पश्चिमेला. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने जिथे तेल शोधलं त्या बॉम्बे हायवर आज ७५ मीटरच्या आसपास पाणी आहे. हिमयुगात ती कोरडी जमीन होती.

आता या स्थितीत नदी काय करेल? धरणाच्या चॅप्टरकडे परत जा. जलाशय भरलेला असतो तेव्हा गाळ वरच्या टोकाला, नदी जिथे जलाशयात शिरते तिथेच बसतो आणि तिथे छोटा डेल्टा बनतो. पण जलाशय मुद्दाम खाली केला, ज्याला ड्रॉडाउन फ्लशिंग म्हणतात, की नदी तोच जुना गाळ कापून धरणाकडे ढकलते. समुद्र म्हणजे असाच एक जलाशय समजा. पातळी वर असते तेव्हा नदीचा गाळ मुखाशी, खाड्यांमध्ये आणि समुद्रबूड जमिनीवर अडकतो. पातळी खाली गेली की नदी उघड्या पडलेल्या जमिनीवरून पुढे धावते, आपलाच जुना गाळ कापते आणि सगळा माल नेऊन थेट उताराच्या कडेवर, घळीच्या तोंडात ओतते.

इथे सॉइल मेकॅनिक्सही कामाला येतं. कडेवर चिखल भराभर साठला की त्यातलं पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही. कन्सॉलिडेशन मागे राहतं, पोअर प्रेशर वाढतं, इफेक्टिव्ह स्ट्रेस घटतो आणि उतार घसरतो. घसरलेला माल पाण्यात मिसळला की झाला गढूळ लोंढा तयार!

हिमयुगात पातळी खाली गेल्यावर असे जड प्रवाह सागरी घळी कापत असतील, ही कल्पना रेजिनाल्ड डेली यांनी १९३६ मध्येच मांडली होती. १९७७ मध्ये एक्सॉन कंपनीतल्या पीटर व्हेल आणि सहकाऱ्यांनी भूकंपलहरींच्या आलेखांवरून थरांचा अर्थ लावण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातून पुढे हा नियम पाठ्यपुस्तकांत पक्का झाला : पातळी खाली तर पंखा वाढतो, पातळी वर तर पंखा झोपतो.

नियम जिथे बरोबर ठरतो : ॲमेझॉन

या नियमाचं आदर्श उदाहरण म्हणजे ॲमेझॉन. १९९४ मध्ये समुद्रतळ ड्रिलिंगच्या १५५ व्या मोहिमेत ॲमेझॉनच्या पंख्यावर एकूण १७ ठिकाणी बोअर घेतले गेले. हिमयुगातले थर जाडजूड निघाले. हजार वर्षांत कित्येक मीटर या वेगाने तिथे गाळ साठत होता. पण सर्वांत वरचा थर, म्हणजे गेल्या दहा-अकरा हजार वर्षांचा, जेमतेम मीटरभर! तोही नदीच्या वाळूचा नाही, तर वरच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या चुनखडी कवचांनी भरलेला चिखल. समुद्र वर आला आणि पंखा झोपला.

ॲमेझॉन आजही वर्षाला १०० कोटी टनांहून जास्त गाळ आणते. मग तो जातो कुठे? तिथली समुद्रबूड जमीन फार रुंद आहे आणि घळीचं तोंड नदीच्या मुखापासून खूप दूर, समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या भागात आहे. गाळ मुखासमोर उथळ पाण्यात बसतो आणि उरलेला किनाऱ्याने वाहणारा प्रवाह वायव्येकडे घेऊन जातो. घसरगुंडीपर्यंत तो पोचतच नाही.

नियम जिथे फसतो : बंगाल आणि काँगो

आता गंमत पाहा. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ ॲमेझॉनच्या तोडीचा. समुद्राची पातळीही तीच, कारण समुद्र एकच आहे. नियमाप्रमाणे बंगालचा पंखाही झोपायला हवा. पण १९९७ मध्ये वेबर आणि सहकाऱ्यांनी पंख्यावरच्या चालू वाहिनीजवळचे गाभे तपासले, तेव्हा समुद्र चढत असताना आणि वर स्थिरावल्यावरही तिथे पूरतट वाढतच होते, असं दिसलं. हा पंखा जागा आहे!

कारण? 'स्वॉच ऑफ नो ग्राउंड'. खोली मोजायची दोरी टाकली तरी तळ लागत नाही, म्हणून खलाशांनी दिलेलं हे नाव. ही एक खोल घळ आहे आणि तिचं वरचं तोंड सुंदरबनच्या किनाऱ्यापासून अवघ्या तीसेक किमीवर येतं. नदीमुखापासचा गाळ भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी आणि वादळांनी ढवळून पश्चिमेला सरकतो आणि घळीच्या तोंडात जाऊन पडतो. नद्यांच्या एकूण गाळापैकी सुमारे एक तृतीयांश आजही या घळीकडे जातो, असा अंदाज आहे. पातळी १२० मीटर चढूनसुद्धा घसरगुंडीचं तोंड नदीच्या हाताशीच राहिलं.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतल्या काँगो नदीचं. तिथे तर घळ समुद्रात थांबतच नाही. ती नदीच्या मुखातून आत सुमारे ३० किमी शिरलेली आहे. त्यामुळे नदीचा गाळ थेट घळीत पडतो, पातळी कितीही असो. जानेवारी २०२० मध्ये या घळीतून एक लोंढा निघाला आणि १,१०० किमीहून जास्त अंतर धावला. शास्त्रज्ञांनी तळाजवळ बसवलेल्या यंत्रांवर आणि केबल तुटण्याच्या वेळांवरून त्याचा वेग मोजता आला. पुढे जाताना तो मंदावण्याऐवजी वाढला, सेकंदाला ५ मीटरवरून ८ मीटरपर्यंत. सॅट-३ आणि डब्ल्यूएसीएस या दोन मोठ्या इंटरनेट केबल्स तुटल्या आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांचं नेट मंदावलं. त्याआधी नदीला मोठा पूर येऊन गेला होता. म्हणजे लोंढ्याचं मूळ समुद्राच्या पातळीत नव्हतं, पुरात होतं.

आणि आपला सिंधूचा पंखा? तो या दोघांच्या मधला. सिंधूची घळही किनाऱ्याजवळ येते आणि तिच्यात गाळ साठत राहिला. पण समुद्र चढल्यावर, सुमारे ११-१२ हजार वर्षांपूर्वीपासून, खोल पंख्यावर पोचणाऱ्या वाळूचं प्रमाण खूप घटलं. म्हणजे एकच समुद्र, एकच पातळी, आणि एक पंखा झोपलेला, दुसरा जागा, तिसरा पेंगुळलेला!

मग खरा प्रश्न कोणता?

खरा प्रश्न "समुद्र किती खाली आहे?" हा नाही. तो असा आहे : "नदीचं मुख आणि घळीचं तोंड यांत अंतर किती आहे, आणि ते पार करण्याइतका गाळ नदीकडे आहे का?" समुद्राची पातळी हे अंतर बदलते, म्हणून ती महत्त्वाची. रुंद आणि सपाट समुद्रबूड जमिनीवर पातळी १२० मीटर चढली तर किनारा शेकडो किलोमीटर मागे सरकतो, पंख्याचा पुरवठा तुटतो. समुद्रबूड जमीन अरुंद असेल किंवा घळ किनाऱ्यापर्यंत आलेली असेल तर तेवढ्याच चढीने अंतर फारसं बदलत नाही. पाठ्यपुस्तकातला नियम चुकीचा नाही. त्यात एक गृहीतक लपलेलं आहे, रुंद समुद्रबूड जमीन आणि दूरची घळ, एवढंच. सूत्र वापरताना आपण 'ॲझम्पशन्स' लिहितो ना, ते इथे लिहायचं राहून गेलं.

याच चष्म्यातून कोकणाकडे पाहा. सावित्री, वाशिष्ठी, काळी यांचे पंखे का नाहीत? नद्या छोट्या, गाळ थोडा, आणि समोर रुंद समुद्रबूड जमीन. अंतर जास्त आणि पुरवठा कमी. पण कोकणच्या समोर खोल पाण्यात गाळ नाही असं मात्र नाही. २०१५ मध्येच 'जॉइडेस रिझोल्यूशन'ची ३५५ वी मोहीम आपल्या किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किमी पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यात झाली. गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्रातले धनंजय पांडेय आणि अमेरिकेतले पीटर क्लिफ्ट हे तिचे प्रमुख होते. साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्याखाली, तळातही हजार मीटरहून खोल बोअर घेतले गेले. वर आलेल्या गाळात बराचसा माल सिंधूने आणलेला, म्हणजे हिमालय-काराकोरमचा होता. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी हिमालय पसरलेला आहे, हे वाक्य काव्य नाही, भूगर्भशास्त्र आहे!

याचा आपल्याला उपयोग काय?

कोणी विचारेल, "हे सगळं ठीक, पण प्लेसमेंटला काय उपयोग?" उपयोग आहे. तीन ठिकाणी.

पहिलं, तेल आणि वायू. जुन्या पंख्यांच्या वाहिन्यांमधली वाळू म्हणजे सच्छिद्र दगड, आणि पूरतटांचा चिखल म्हणजे वरचं झाकण. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ इथे २००२ मध्ये सापडलेला वायू अशाच खोल पाण्यातल्या वाहिन्यांच्या वाळूत होता. त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांनी पूर्व किनाऱ्यावर नेऊन टाकलेला माल असा कामी आला. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, पण पुढे ते अपेक्षेपेक्षा फार लवकर घसरलं आणि कारणांवरून वाद झाले. एवढं मात्र नक्की की वाहिन्या रस्ते बदलत असल्यामुळे वाळूचे पट्टे तुटक असतात आणि कुठला पट्टा कुठल्याला जोडलेला आहे हे ओळखणं कठीण असतं. खोल पाण्यातल्या एका विहिरीचा खर्च शेकडो कोटींत जातो. 'पातळी खाली होती म्हणजे इथे वाळू असणारच' एवढ्या भरवशावर विहीर खणणं परवडत नाही.

दुसरं, केबल्स. देशादेशांमधला इंटरनेटचा जवळपास सगळा डेटा समुद्रतळावरच्या केबल्समधून जातो. कुठली घळ जागी आहे आणि कुठली झोपलेली, हे माहीत असेल तर केबलचा मार्ग ठरवता येतो. पातळी वर आहे म्हणून सगळ्या घळी शांत आहेत असं धरून चाललं तर काँगोसारखी पाळी येते.

तिसरं, आणि आपल्या शाखेला सगळ्यात जवळचं, धरणं. सिंधू पूर्वी वर्षाला सुमारे २५ कोटी टन गाळ समुद्राला देत असे. बराजेस, कालवे आणि तरबेलासारखी धरणं झाल्यावर आता त्याचा दहावा हिस्साही पोचत नाही. कृष्णा आणि गोदावरीचीही तीच गत, त्यांच्या त्रिभुज प्रदेशांना मिळणारा गाळ खूप घटलाय. पंख्याच्या दृष्टीने पाहिलं तर धरण म्हणजे समुद्र वर चढल्यासारखंच, गाळ वाटेतच अडकला. फरक एवढाच की हिमयुग संपल्यावर समुद्राला १२० मीटर चढायला दहा-बारा हजार वर्षं लागली, म्हणजे सरासरी वर्षाला एक सेंटीमीटर. सिंधूचा गाळ आपण एका माणसाच्या आयुष्यात अडवला.

पंखा उपाशी राहिला तर उद्या कोणाचं काही बिघडणार नाही. पण त्याच गाळावर त्रिभुज प्रदेशही जगतो. डेल्टाची जमीन स्वतःच्या वजनाने दबत असते आणि दर पुराबरोबर येणारा नवा गाळ ती भरून काढतो. तो थांबला आणि वरून समुद्र दर वर्षी तीन-चार मिलिमीटरने चढतोय, तर किनारा मागे सरकणारच. सिंधूच्या मुखाशी खारं पाणी आत शिरून शेती गेली, गावं उठली. ही किंमत धरणाच्या एस्टिमेटमध्ये कुठल्याही आयटमखाली लिहिलेली नव्हती.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सेमिस्टरला रिझर्व्हॉयर सेडिमेंटेशनचं गणित सोडवताना ट्रॅप एफिशियन्सी ९० टक्के आली, तर उत्तराखाली दोन रेघा मारून थांबू नका. ते ९० टक्के कुठे जायला निघाले होते, वाटेत कुणाचं पोट त्यावर अवलंबून होतं आणि त्यांच्या शेवटच्या मुक्कामाला आता काय पोचतंय, एवढं एकदा स्वतःला विचारा. मार्क त्याला नाहीत. पण ज्या नदीवर उद्या आपण काम करणार आहोत, ती धरणाच्या भिंतीशी संपत नाही, एवढं तरी त्यातून ध्यानात राहील.